बाईंच्या हातांपुरता गारवा

मित्रांनो, माझं वय बावीस. माणसांत हे वय कोवळं समजतात. गाड्यांमध्ये मात्र या वयाला पोचलं की लोक बोनेटवर हात ठेवून विचारतात, अजून चालते का ही? तर मी एक जुनी गाडी आहे आणि अजून चालते. चार दारं, पांढरा रंग, मागच्या बंपरवर एक पोचा. तो पोचा कसा पडला ते मी सांगणार नाही. चूक माझी नव्हती, आणि ज्यांची होती ते अजून मला चालवतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे मी पुढे सरकत गेले आणि दर दहा पावलांवर कुणीतरी मला काहीतरी देत गेलं. कुणी दार दिलं, कुणी चाक, कुणी दिवे. पण माझ्यासारख्या साध्या गाडीला गार हवेचं यंत्र काही कारखान्यात मिळालं नाही. आम्हाला ते विक्रेत्याच्या शेडमध्ये वरून बसवत. एका मेकॅनिकने माझ्या डॅशबोर्डच्या पोटात भोकं पाडली, इंजिनाशेजारी कॉम्प्रेसर बसवला, नळ्या जोडल्या आणि आत एक काळी पेटी अडकवली. मला ते सगळं जरा ओझंच वाटलं. पण त्याने बटण फिरवलं आणि माझ्या तोंडातून पहिल्यांदा गार हवा निघाली, तेव्हा शेडमधली चार माणसं हातातली कामं टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

मला विकत घेतलं एका शिक्षिकेने. त्या ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. त्यांचे यजमान चष्म्याचं दुकान चालवत. गल्लीत लहानथोर त्यांना चष्मेवाले म्हणूनच ओळखत. मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं, आणि दारात मी.

बाईंच्या शाळेत शिकवणं हातांनी चालतं. बोटांची ठेवण, मनगटाचा कल, हात छातीपासून किती लांब, चेहऱ्यावर काय, या सगळ्याला अर्थ असतो. बोट जरा खाली-वर झालं तर शब्द बदलतो. नवा धडा शिकवायचा असला की बाई लाल सिग्नलला स्टिअरिंग सोडून त्याची उजळणी करत. शेजारच्या गाडीतल्या लोकांना वाटे, ही बाई कुणाशी भांडतेय, की आत डास शिरलाय? मी मात्र नीट बघत असे. बघता बघता मलाही ती भाषा बऱ्यापैकी कळू लागली. चष्मेवाल्यांपेक्षा तर नक्कीच जास्त. त्यांना चाळीसेक शब्द येत, आणि त्यातले निम्मे जेवणाखाण्याचे होते.

ती वर्षं फार सुखाची गेली. मला दर रविवारी अंघोळ मिळे. उन्हाळ्यात बाईंच्या मैत्रिणी शाळा सुटल्यावर ‘मला कोपऱ्यापर्यंत सोड’ म्हणत आत बसत आणि कोपरा आला तरी उतरत नसत. एकदा एक मैत्रीण बसल्या बसल्या झोपून गेली. बाईंनी तिला उठवलं नाही. सावलीत मला चालू ठेवून वीस मिनिटं वह्या तपासल्या.

पण मित्रांनो, गार हवा माणसांच्या लगेच अंगवळणी पडते आणि जी गोष्ट अंगवळणी पडते तिच्याकडे कुणी बघत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी माझी हवा थोडी कमी गार येऊ लागली. चष्मेवाल्यांनी मला चौकातल्या गॅसवाल्याकडे नेलं. त्याने बोनेट उघडलं, नळी लावली, गॅस भरला आणि ‘आता स्वेटर घालून बसा’ असं सांगितलं. पुढचा उन्हाळा आला, पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळा सुरू होण्याआधीच जावं लागलं. मग वर्षातून दोनदा.

इथे मी तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवते. पेट्रोल जळून संपतं, पण हा गॅस संपत नाही. तो नळ्यांमधून नुसता गोल फिरत असतो. आतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. तो कमी झाला याचा अर्थ एकच, की तो कुठूनतरी निसटतोय. आणि निसटताना तो कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं घेऊन जातो. माझ्या एका नळीच्या सांध्यावर तेव्हा तेलकट, धूळ चिकटलेला डाग होता. आख्ख्या गावाचे डोळे तपासणाऱ्या चष्मेवाल्यांना तो दिसला नाही. मला राग नाही. मी काही बोलू शकत नव्हते आणि ते काही विचारत नव्हते, एवढंच.

याच सुमाराला बाई आजारी पडल्या. आधी बोटांना मुंग्या यायच्या. मग एक डोळा अंधुक व्हायचा आणि काही दिवसांनी आपोआप निवळायचा. एक दिवस बाई डॉक्टरांकडून येऊन माझ्यात बसल्या आणि चष्मेवाल्यांनी कितीतरी वेळ किल्लीच फिरवली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की त्यांच्या नसांवरचं आवरण जागोजागी झिजलंय. मेंदूचा निरोप हातापर्यंत नीट पोचत नाही. आजार लगेच जिवावर बेतणारा नाही, पण पूर्ण जाणाराही नाही. आणि एक पथ्य कडक आहे. अंग तापू द्यायचं नाही. अंग जरासं जरी तापलं तरी निरोप वाटेत अडखळतात, डोळ्यांपुढे धुकं येतं, बोटं ऐकेनाशी होतात. अंग निवलं की पुन्हा बरं.

“म्हणजे मी लोण्यासारखी झाले म्हणायची,” बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. चष्मेवाले हसले नाहीत.

त्या दिवसापासून गाडी चष्मेवाले चालवू लागले. घरापासून शाळेपर्यंत पाऊण तास लागे. वाटेत नदीवरचा पूल, आणि पुलावर सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग. शाळेतल्या वर्गात बाईंसाठी गार हवेची सोय केली होती. घरीही होती. मधला पाऊण तास तेवढा माझ्याकडे होता. मला वाटे, आपल्यावर किती मोठी जबाबदारी आहे! आणि आतून मी मात्र दिवसेंदिवस रिकामी होत चालले होते.

एका कडक उन्हाळ्याच्या दिवशी बाईंना दुपारच्या पाळीसाठी जायचं होतं. आम्ही पुलाच्या मधोमध अडकलो. माझ्या कॉम्प्रेसरमध्ये तेल जवळजवळ उरलंच नव्हतं. त्याने एकदा किंकाळी फोडली, पट्टा घसरला, जळक्या रबराचा वास आला आणि कॉम्प्रेसर जागच्या जागी आवळून बसला. चष्मेवाल्यांनी घाईघाईने बटण बंद केलं आणि काचा खाली केल्या. बाहेरून भट्टीसारखी झळ आत आली. पुढे जायला वाट नाही, मागे जायला वाट नाही. चष्मेवाले पुठ्ठ्याने वारा घालत होते, पाण्याची बाटली रुमालावर ओतून बाईंच्या मानेवर ठेवत होते. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. तासाभराने आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो, तेव्हा त्यांना दाराचा खटकासुद्धा उघडता आला नाही.

वर्गात काय झालं ते मला त्या संध्याकाळी कळलं. अंधार पडून जरा निवल्यावरच चष्मेवाले त्यांना न्यायला आले होते. बाईंनी वाटेत हळूहळू सांगितलं. त्या वर्गात गेल्या आणि त्यांनी शिकवायला हात उचलले, पण बोटं हवी तशी उघडेनात, मिटेनात. मुलं आधी एकमेकांकडे बघू लागली. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही रागावलात का? बाईंना ‘नाही’ म्हणायचं होतं. हातातून काय निघालं कुणास ठाऊक. ती मुलगी मान खाली घालून बसली आणि तिने पुन्हा वर बघितलंच नाही. बघणंच थांबवलं, तर त्या मुलांशी बोलायचं तरी कसं? मग बाई खुर्चीवर बसून राहिल्या आणि मुलांनी तासभर चित्रं काढली.

“अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मी हे सत्र संपलं की थांबते. पत्र लिहून ठेवते.”

घर आल्यावर चष्मेवाल्यांनी मला सावकाश उभं केलं आणि उतरून बाईंच्या बाजूचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून नव्या गाडीचा शोध सुरू झाला. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. तरी वाटलंच. दोघं मलाच घेऊन नव्या गाड्या बघायला जात. मी दुकानाबाहेर उभी राहून काचेतून आत बघे. चकचकीत, सुंदर गाड्या होत्या. पण बाई बसायला गेल्या की पंचाईत होई. एकीत सीट इतकी खाली, की बसायचं म्हणजे स्वतःला सोडून द्यायचं, आणि उठायला दोघांनी ओढायचं. दुसरीत सीट इतकी उंच, की चढायला पायरी हवी. बाईंचा उजवा पाय आता पायरीला भीत असे. माझी सीट स्वयंपाकघरातल्या खुर्चीएवढी उंच. दार सरळ नव्वद अंशात उघडणारं. बाई वळून टेकत आणि पाय आत घेत, की झालं. कुणाच्या हाताची गरज नसे. तिसऱ्या दुकानातून बाहेर येताना बाई माझ्या दाराला धरून म्हणाल्या, “हिच्यात मी माझी मी बसते हो. तेवढं तरी राहू द्या.”

मग चष्मेवाले म्हणाले, की हिचंच यंत्र नीट करून घेऊ. चौकातला गॅसवाला नको. भुवईकडे जाऊ.

भुवई हा बाईंचा जुना विद्यार्थी. लहानपणी पडून त्याची डावी भुवई मधोमध दुभंगली होती. तिथे दोन बोटं टेकवली की त्या मुलांच्या भाषेत त्याचं नाव झालं, आणि पुढे बोलणाऱ्या लोकांतही तेच रूढ झालं. आता तो पस्तिशीचा होता. गाड्यांच्या गार हवेच्या कामात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. बाई त्याच्याबद्दल लोकांना कौतुकाने सांगत. पण चष्मेवाल्यांनी त्याचं नाव काढताच बाईंचा चेहरा बदलला.

“त्याच्याकडे नको.”

“का? सगळ्यांना तूच त्याच्याकडे पाठवतेस.”

“तो माझे हात बघेल,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांना कळत नाही हो. त्याला एका वाक्यात कळेल. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा. मी बोबडं बोलतेय हे त्याने बघायला नको.”

विषय तिथेच मिटला, असं बाईंना वाटलं. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून चष्मेवाले एकटेच मला घेऊन निघाले आणि सरळ भुवईच्या शेडपुढे जाऊन थांबले.

ती शेड मला आवडली. पत्र्याखाली जागा लहान, पण प्रत्येक पाना आपापल्या खुंटीवर. भिंतीवर एक मोठा लाल दिवा होता. बाहेर कुणी घंटेचं बटण दाबलं की तो दिवा लुकलुके. चष्मेवाल्यांनी आपले चाळीस शब्द पणाला लावले. भुवईने ते शांतपणे बघून घेतले आणि कागद-पेन्सिल पुढे केली. मग चष्मेवाले लिहीत, तो वाचून खाली उत्तर लिही. ‘दरवर्षी गॅस भरतो’ हे वाक्य वाचल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या बोनेटकडे असं बघितलं, की मला वाटलं, अखेर कुणीतरी मला विचारायला आलं.

त्याने चार दिवस मागून घेतले. लागले अकरा.

पहिल्याच दिवशी त्याला तो तेलकट डाग दिसला. त्याने उरलासुरला गॅस हवेत न सोडता एका यंत्रात ओढून घेतला आणि आवळलेला कॉम्प्रेसर उतरवला. त्याच्या तोंडातून काळं तेल आणि लोखंडाचा बारीक चुरा निघाला. म्हणजे तो चुरा सगळ्या नळ्यांत गेला असणार. नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला असता, तर त्या चुऱ्याने तोही महिन्याभरात गिळून टाकला असता. भुवईने एकेक नळी सोडून धुतली. ज्या धुऊन निघण्यासारख्या नव्हत्या त्या बदलल्या. गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या माझ्या पुढच्या जाळीत एकोणीस वर्षांचा चिखल आणि किडे बसले होते. तिच्या जागी मोठी, दाट जाळी आली आणि तिच्यासाठी जास्तीचा एक पंखा. पुलावर उभं राहावं लागलं तरी आता वारा मिळणार होता.

मग त्याने सगळ्या नळ्यांत दाबाने कोरडा वायू भरून सांध्यांना साबणाचा फेस लावला. डागाच्या जागी बुडबुड्यांचा घोसच उठला. तो सांधा नवा केला. तरी दाब दाखवणारा काटा हळूच खाली येई. अर्ध्या दिवसात केसभर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालतंय एवढं. भुवई माझ्याभोवती दोन दिवस फिरत राहिला. प्रत्येक सांध्याशी ओला हात धरून बघत होता. शेवटी तो पाठीवर झोपून माझ्या खाली शिरला. आतल्या काळ्या पेटीतून पाणी गळायची एक छोटी नळी असते. पेटीची बाकीची तोंडं चिकटपट्टीने बंद करून त्याने त्या नळीच्या टोकाला साबणाचा पडदा लावला आणि बघत राहिला. पडदा फुगू लागला. लिंबाएवढा झाला आणि फुटला. दुसरी गळती सापडली होती. ती माझ्या छातीत होती. सगळा डॅशबोर्ड उघडल्याशिवाय तिथे हात पोचणार नव्हता.

खरं सांगते मित्रांनो, मी घाबरले. एकोणीस वर्षांचं प्लास्टिक. उघडताना फुटलं तर नवं कुठून आणणार? पण भुवईने प्रत्येक स्क्रू वेगळ्या डबीत ठेवला, डबीवर चित्र काढलं, आणि माझा डॅशबोर्ड असा उचलून बाजूला ठेवला, की त्याला ओरखडासुद्धा आला नाही. हवा गार करणारी आतली कॉइल पानांच्या भुग्याने आणि धुळीने भरली होती. कोपऱ्यात उंदराने कधीकाळी घर केलं होतं. या सगळ्यातून गाळलेली हवा मी बाईंना देत होते. मला लाज वाटली. भुवईने नवी कॉइल आणली आणि तिच्याआधी हवा गाळणारी जाळी बसेल अशी जागा केली. पूर्वी माझ्याकडे तशी जाळी नव्हतीच. इंजिनाच्या गरम पाण्याची एक झडप नीट बंद होत नव्हती. ती चोरून आत उष्णता सोडत होती. तीही बदलली. छताखाली आणि पायाखाली त्याने उष्णता अडवणारं अस्तर लावलं.

आणि मग तो थांबला. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले आले तेव्हा त्याने कागदावर लिहिलं, की ज्यांच्यासाठी हे करतोय त्यांना आणा. त्या कशा बसतात, ऊन कुठून लागतं, हवा कुठे हवी, हे बघितल्याशिवाय मी डॅशबोर्ड बंद करणार नाही. चष्मेवाल्यांनी नाना कारणं लिहिली. भुवई प्रत्येक कारण वाचे, कागद परत देई आणि हाताची घडी घालून उभा राही.

बाई आल्या. सकाळची, उन्हं तापायच्या आधीची वेळ होती. त्या यजमानांवर रागावल्या होत्या हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. त्या माझ्या सीटवर बसल्या आणि दोन्ही हात पर्सखाली ठेवून दिले. भुवईने पाया पडल्यासारखं वाकून नमस्कार केला आणि मग कामाचं विचारू लागला. ऊन कुठल्या बाजूने येतं? बाईंनी मानेने डावीकडे दाखवलं. हवा तोंडावर हवी की खाली? बाई नुसत्या हसल्या. असे चार-पाच प्रश्न झाले. हात पर्सखालून बाहेर आले नाहीत. मी बघत होते. भुवई लहानपणापासून या बाईंना बघत आला होता. त्याच्या बाई अशा नुसत्या मानेने काम भागवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तो खाली उकिडवा बसला, अगदी पहिल्या बाकावर बसल्यासारखा, आणि हातांनी म्हणाला, “बाई, बोला ना.”

मग बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि हात वर घेतले. त्या हळूहळू बोलल्या. मधली बोटं अर्धवट उघडत होती, करंगळी मागे राहत होती, एक शब्द दोनदा घ्यावा लागला. त्यांनी आजाराचं सांगितलं, पुलावरचं सांगितलं, मान खाली घालून बसलेल्या त्या मुलीचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “मुलांना माझं कळेनासं झालंय. मी शिकवणं सोडतेय.”

“मला सगळं कळलं,” भुवई म्हणाला.

“तू मोठा आहेस.”

भुवईने जरा विचार केला. मग त्याचे हात सावकाश चालू लागले. “बाई, आम्ही जन्मभर बोलणाऱ्या लोकांच्या ओठांवरचं अर्धंमुर्धं वाचत आलोय. कुणी मिशीत बोलतं, कुणी तोंड फिरवून बोलतं, तरी वाचतो. आणि तुमचं अर्धं वाचायचं आम्हाला जड जाईल? तुम्ही मुलांना सांगितलंच नाही, म्हणून त्यांना तो राग वाटला. सांगा त्यांना. ती जरा पुढे सरकून बसतील.”

चष्मेवाले भिंतीवरचे पाने मोजत असल्यासारखे पाठ करून उभे होते. त्यांना हातांची भाषा फारशी कळत नव्हती, पण पाठीमागे काय चाललंय ते कळत असावं. थोड्या वेळाने बाईंनी डोळे पुसले आणि भुवईच्या उजव्या हाताकडे बोट दाखवून एक छोटीशी खूण केली. त्याने एक शब्द चुकवला होता. तो लहानपणीही तोच चुकवत असे. भुवई ओशाळला आणि हसला, आणि त्याने तो शब्द नीट करून दाखवला.

मग पुढचा तासभर नुसतं काम चाललं. त्याने माझ्या डाव्या काचेवर ऊन अडवणारा पातळ, पारदर्शक कागद लावायचं ठरवलं. डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला एक जास्तीचं तोंड बसवून हवा बाईंच्या हातांवर आणि कोपरांवर कशी येईल ते पुठ्ठ्याची नळी धरून तपासलं. “हात सगळ्यांत आधी,” तो म्हणाला.

अकराव्या दिवशी सगळं जोडून झालं. त्याने पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली. काटा तासभर जागचा हलला नाही. मग नवीन तेल घातलं आणि गॅस काट्यावर तोलून, हवा तेवढाच भरला. जास्त भरला तरी यंत्राला त्रास होतो, कमी भरला तरीही. त्याने इंजिन सुरू केलं आणि तळहात नव्या कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर ठेवला. बाकीचे मेकॅनिक आवाज ऐकतात, तो थरथर बघतो. माझ्या तोंडाशी थर्मामीटर लावला होता. बाहेर रस्ता तापला होता. पारा उतरत गेला आणि सहा अंशांवर येऊन थांबला. इतकी गार मी तरुणपणीही नव्हते. भुवईने हात काढला आणि चष्मेवाल्यांना सांगितलं, की सुरळीत बोलतेय. हे त्यांच्या चाळीस शब्दांतलं होतं.

सोमवारी आम्ही शाळेला निघालो. पुलावर रांग होतीच. डांबरावरून वाफा उठत होत्या आणि आम्ही पंचवीस मिनिटं एका जागी उभे होतो. माझा नवा पंखा फिरत होता. बाईंचे हात मांडीवर उघडे होते. त्यांनी सावकाश एकेक बोट मिटलं, उघडलं. पुन्हा मिटलं, उघडलं. चष्मेवाले स्टिअरिंग धरून समोर बघत होते असं म्हणायचं, पण ते त्या हातांकडे बघत होते. म्हणूनच पुढची रांग हलल्यावर मागच्याने हॉर्न वाजवला.

शाळेच्या फाटकात बाईंनी दार स्वतः उघडलं.

संध्याकाळी त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांनी धडा घेतलाच नव्हता. वर्गाला आधी आजाराबद्दल सांगितलं. फळ्यावर माणसाचं चित्र काढून नसा दाखवल्या, कुठे झिजल्यात ते दाखवलं. म्हणाल्या, माझे हात चांगले असले की मी नेहमीसारखी बोलेन. कधी अंग तापलं तर अडखळेन, तेव्हा मला थांबवा आणि पुन्हा विचारा. मी रागावलेली नसेन. मुलांनी खूप प्रश्न विचारले. दुखतं का, बोट गळून पडतं का, आम्हालाही होईल का? ती पहिल्या बाकावरची मुलगी काही विचारत नव्हती. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली, बाईंची मागे राहणारी करंगळी आपल्या बोटांनी हळूच सरळ केली, आणि खेळायला पळाली.

“पत्राचं काय?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“लिहिलं नाही अजून,” बाई म्हणाल्या. “आणि लिहिणारही नाही.”

या गोष्टीला आता तीन उन्हाळे झाले. बाईंचा आजार गेलेला नाही. मी गाडी आहे, औषध नाही. काही दिवस त्या काठी घेऊन येतात. काही दिवस घरीच राहतात, आणि मी दारात उभी राहून त्यांच्या खिडकीकडे बघते. पण बहुतेक सकाळी त्या माझ्या सीटवर वळून टेकतात, पाय आत घेतात, आणि मी त्यांचे हात जसेच्या तसे शाळेत पोचवते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल, पंखा असेल, फ्रीज असेल. ते काम कमी करू लागलं तर नुसतं भरून, ठोकून, वेळ मारून नेऊ नका. कुठे गळतंय ते शोधायला लावा. माझ्यासारख्या गाडीचं यंत्र थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून दहा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे तेल फिरतं आणि सांधे सुकत नाहीत. पुढची जाळी उन्हाळ्याआधी धुऊन घ्या. फार काही लागत नाही आम्हाला. आणि घरातलं एखादं माणूस हल्ली कमी बोलू लागलं असेल, हात पर्सखाली ठेवत असेल, तर त्याच्यासमोर जरा खाली बसा. ‘बोला ना’ म्हणा, आणि मग ते कितीही हळू बोललं तरी शेवटपर्यंत बघत राहा.